अर्ध्या पिक्सेलचा हिशेब

डीजेआय मिनी 2 या ड्रोनच्या माहितीपत्रकातले काही आकडे घेणाऱ्याला तोंडपाठ असतात. उड्डाणाचा वेळ 31 मिनिटं, वजन 249 ग्रॅमच्या आत, कमाल वेग सेकंदाला 16 मीटर. त्याच पत्रकात गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरींच्या जोडणीच्या, रकान्यात आणखी एक आकडा असतो आणि त्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही: कंपनाची कोनीय मर्यादा ±0.01 अंश. माझ्या मते अख्ख्या यंत्रातला सगळ्यात थक्क करणारा आकडा हाच. चित्र थरथरतं, क्षितिज कलतं, पडद्यावर जेलीसारख्या लाटा उठतात, कॅमेरा मध्येच हिसका देतो, या सगळ्या तक्रारींची उकल करायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

0.01 अंश म्हणजे वर्तुळाचे 36,000 भाग करून त्यातला एक. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो, त्या चंद्राच्या रुंदीचे पन्नास भाग केले तर त्यातला एक. दोन ठिपके वेगवेगळे दिसायला निकोप डोळ्याला त्यांच्यात अंशाच्या साठाव्या भागाइतकं, म्हणजे सुमारे 0.017 अंश अंतर लागतं. गिंबल ठणठणीत असताना कॅमेऱ्यात जी हालचाल शिल्लक राहते ती याहूनही कमी. मग ड्रोन हातात धरून, कॅमेऱ्याकडे निरखून बघत ‘तसा ठीक दिसतोय की’ म्हणण्यात अर्थ उरत नाही. बिघाड डोळ्यांना दिसेल एवढा मोठा व्हायच्या कितीतरी आधी चित्र बिघडलेलं असतं.

हाच आकडा पिक्सेलमध्ये मोडून पाहू. मिनी 2 चं भिंग 35 मिमी फिल्मच्या हिशेबात 24 मिमीचं आहे आणि 4के चित्राची रुंदी 3,840 पिक्सेल. गणित केलं की चौकटीच्या मध्यभागी एका पिक्सेलच्या वाट्याला 0.022 अंश येतात. म्हणजे 0.01 अंशाची हालचाल जवळपास अर्ध्या पिक्सेलची. कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरच्या पृष्ठभागावर, हा अर्धा पिक्सेल भरतो सुमारे 0.75 मायक्रॉन. आपल्या रक्तातली तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रॉनची असते. चारी मोटरी गरगरत असताना, वाऱ्याचे झोत बसत असताना, प्रतिमा सेन्सरवर तांबड्या पेशीच्या दहाव्या भागाहून जास्त सरकू द्यायची नाही, असं काम या अंगठ्याएवढ्या जोडणीला दिलेलं आहे.

आता उलट बाजूने बघा. कॅमेरा एकच अंश वर-खाली झाला तर चित्र 45 पिक्सेल सरकतं. एक अंश आडवा कलला तर क्षितिजाच्या रेषेचं डावं टोक आणि उजवं टोक यांच्यात 67 पिक्सेलचा फरक पडतो, आणि तो समुद्राच्या दृश्यात लहान मूलही ओळखतं. 4के च्या एका चौकटीत 82,94,400 पिक्सेल असतात. सेकंदाला 30 चौकटी धरल्या तर 24 कोटी 88 लाख 32 हजार पिक्सेल दर सेकंदाला नोंदले जातात. कॅमेरा हलला की एकूण एक पिक्सेल चुकीच्या जागी नोंदला जातो.

कॅमेरा स्थिर ठेवण्याची खटपट ड्रोनच्या फार आधीपासूनची. गॅरेट ब्राउन यांच्या स्टेडीकॅमने 1976 च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटात पहिल्यांदा काम केलं, तेव्हा ते वजन एका धट्ट्याकट्ट्या माणसाने अंगावर पेलायचं होतं. तिन्ही अक्षांचा गिंबल अंगभूत असलेला डीजेआयचा फँटम 2 व्हिजन प्लस आला 2014 साली. मधल्या काळात मोटरी लहान झाल्या, चुंबकं दमदार झाली. पण खरी क्रांती घडली ती कॅमेऱ्यामागच्या एका चिपमध्ये. तिथे थोडं थांबायला हवं, कारण बिघाडांची अर्धी कहाणी तिच्यात आहे.

गिंबलला आपण हललो हे कळतं जायरोस्कोपमुळे. या जायरोस्कोपमध्ये फिरणारी भिंगरी नसते. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तारांसारख्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि तो सतत मागे-पुढे कंप पावत असतो. चिप वळली की कोरिओलिस बलामुळे त्याचा कंप किंचित बाजूला ढळतो, आणि तेवढ्यावरून वळण्याचा वेग काढला जातो. हौशी ड्रोन आणि गिंबल बनवणाऱ्यांच्या एका पिढीने ज्या चिपवर हात साफ केला ती इन्व्हेनसेन्सची एमपीयू-6050 घ्या. लांबी-रुंदी 4 मिमी, जाडी 0.9 मिमी. तिच्या आतले तुकडे सेकंदाला 27 ते 33 हजार वेळा कंप पावतात, म्हणजे आपल्या कानांच्या 20 हजारांच्या मर्यादेपलीकडे. 31 मिनिटांच्या एका उड्डाणात हे कंप पाच कोटींच्या वर जातात.

आणि तो बाजूला ढळतो तरी किती? अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीने आपल्या एडीएक्सआरएस जातीच्या जायरोस्कोपबद्दल सांगितलेला आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं होतं. ही चिप मिनी 2 मधली नव्हे, पण तत्त्व तेच. आतल्या दांडीचं 16 फेम्टोमीटर इतकं विचलन ती ओळखते. एका मिलीमीटरचे 6,250 कोटी भाग करून त्यातला एक! एका अणूच्या जाडीच्या सुमारे सहा हजाराव्या भागाइतकं हे अंतर; युरेनियमच्या अणुगर्भाचा व्यास याच घरातला. अणूहून लहान अंतर मोजता येतं, कारण मोजणी एका अणूची नसते. पृष्ठभागावरच्या अब्जावधी अणूंची सरासरी जागा मोजली जाते, आणि सरासरी कितीही बारीक सरकू शकते.

एवढी संवेदनशील वस्तू बिनचूक असेल असं वाटतं ना? तिथेच गोम आहे. एमपीयू-6050 आपला वेग 65,536 पायऱ्यांत मोजते आणि सर्वांत बारीक मापात एक पायरी सेकंदाला 0.0076 अंशाची असते. पण कारखान्यातून निघालेली चिप टेबलावर निश्चल पडलेली असतानासुद्धा ‘मी सेकंदाला 20 अंशांनी फिरतेय’ असं सांगू शकते. तिच्या माहितीपत्रकात तेवढी सूट नोंदलेली आहे. तिच्या स्वतःच्या सर्वांत बारीक मापाच्या अडीच हजारपटीहून मोठी ही चूक. शिवाय तापमान बदललं की ही चूकही बदलते. मिनी 2 साठी कंपनीने 0 ते 40 अंश सेल्सिअस ही मर्यादा घातली आहे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उन्हात तापलेल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला ड्रोन तर त्याहूनही गरम.

म्हणून कॅलिब्रेशन. ड्रोन चालू करताना तो निश्चल का ठेवायचा, याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. त्या काही सेकंदांत यंत्र स्वतःचं शून्य ठरवत असतं. हातात धरून, बोलत बोलत चालू केलात तर तुमच्या हाताची थरथर त्या शून्यात मिसळते. समजा शून्यात सेकंदाला केवळ 0.01 अंशाची चूक राहिली. एका सेकंदात ती अर्ध्या पिक्सेलची, कुणाला कळणारही नाही. पण जायरोस्कोप वेगांची बेरीज करत कोन काढतो, आणि बेरजेत चूकही बेरजेने वाढते. 31 मिनिटांनी ती 18.6 अंशांवर पोचलेली असते. उड्डाणाच्या सुरुवातीला सरळ असलेलं क्षितिज जसजसा वेळ जाईल तसतसं कलत असेल तर संशय इथे घ्यावा.

प्रत्यक्षात ते 18 अंश कलत नाही, कारण जायरोस्कोपच्या शेजारी त्वरणमापक बसलेला असतो. त्याला गुरुत्वाकर्षणामुळे ‘खाली’ कुठे ते ठाऊक असतं आणि तो जायरोस्कोपला हळूहळू भानावर आणतो. पण त्याचीही एक भोळी बाजू आहे: गुरुत्वाकर्षण आणि वळणातला रेटा यांतला फरक त्याला कळत नाही. मंदिराच्या कळसाभोवती 30 मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेत सेकंदाला 10 मीटर वेगाने ड्रोन फिरवा. बाहेर फेकणारा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होतो आणि त्वरणमापकाला ‘खाली’ सुमारे 19 अंश चुकीच्या दिशेला वाटू लागतं. सॉफ्टवेअर अशा वेळी त्याचं थोडंच ऐकतं, पण थोडं ऐकतंच. म्हणून वेगाने वर्तुळं घेतल्यावर क्षितिज एखाद-दोन अंश तिरपं दिसतं आणि काही सेकंद एका जागी थांबलं की आपोआप सरळ होतं. हा बिघाड नव्हे. यासाठी दुरुस्तीला पैसे घालू नका. वर्तुळ संथ घ्या, आणि संपल्यावर जरा थांबा.

क्षितिज सततच कललेलं असेल, उड्डाणाच्या पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच बाजूला आणि तेवढंच, तर मात्र प्रश्न वेगळा. आधी सेटिंगमध्ये गिंबल ‘फॉलो’वर आहे की ‘एफपीव्ही’वर ते पाहा. एफपीव्हीवर असेल तर ड्रोन कलेल तसा कॅमेराही कलणारच, तो त्या मोडचा धर्म आहे. सेटिंग बरोबर असेल तर जिथे कॅलिब्रेशन केलंत ती जागा आठवा. आपल्याकडे बहुतेक जण ड्रोन घेऊन जातात गच्चीवर. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार ठेवलेला असतो, साधारण शंभरास एक. डोळ्यांना गच्ची सपाटच दिसते. पण हा उतार 0.57 अंशाचा, म्हणजे 4के चित्रात क्षितिजाच्या दोन टोकांमध्ये 38 पिक्सेलचा फरक. ड्रोनने प्रामाणिकपणे गच्चीलाच सपाट मानलं आणि जगाला तिरपं ठरवलं! गवंड्याकडची स्पिरिट लेव्हल दीड-दोनशे रुपयांत मिळते. घरातल्या टेबलावर ती आडवी-उभी ठेवून पाहावी, पायाखाली कागदाच्या घड्या सारून टेबल समपातळीत आणावं आणि मग कॅलिब्रेशन करावं. 30 सेंटिमीटर लांबीत 5 मिलीमीटरचा चढ म्हणजे जवळपास एक अंश, हे लक्षात असू द्या.

इथपर्यंतचे दोष संथ होते. आता वेगाचे दोष, आणि इथले आकडे जास्त भयंकर आहेत.

मिनी 2 च्या प्रोपेलरचा व्यास 4.7 इंच, सुमारे 12 सेंटिमीटर. हवेत एका जागी तरंगताना तो मिनिटाला नऊ हजार फेरे घेतो असं धरू, म्हणजे सेकंदाला 150. पात्याचं टोक त्या वेळी ताशी 200 किलोमीटर वेगाने पळत असतं. या टोकाचा एक कण उडाला, एखाद्या फांदीला पातं घासलं आणि 10 मिलिग्रॅमचा टवका गेला, असं समजा. 10 मिलिग्रॅम म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा. तेवढ्याने काय होतंय, असं कुणालाही वाटेल. पण त्या वेगाने, 6 सेंटिमीटर त्रिज्येवर फिरताना समोरच्या अखंड पात्याचा तो अर्धा दाणा केंद्रापासून बाहेर खेचला जातो तो आपल्या वजनाच्या सुमारे 5,400 पट जोराने. 10 मिलिग्रॅमची ओढ होते 54 ग्रॅमची! आणि 249 ग्रॅमचा ड्रोन तोलून धरायला प्रत्येक प्रोपेलर किती उचलतो? 62 ग्रॅम. म्हणजे अर्ध्या दाण्याइतक्या टवक्यामुळे, प्रोपेलर जेवढ्या जोराने ड्रोन वर उचलतो जवळपास तेवढ्याच जोराने त्या भुजेला आडवे हिसके बसतात, आणि ते सेकंदाला 150 वेळा चहूबाजूंनी फिरत राहतात.

हा आकडा एकदा मनात बसला की थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला गिंबलबद्दल काही विचारायच्या आधी आपण पात्यांबद्दल विचारू लागतो. पातं दिव्यासमोर धरून बघू नका. बघण्याने कळत नाही. बोटाचं नख पात्याच्या पुढच्या कडेवरून मुळापासून टोकापर्यंत हळूच फिरवा. नख कुठे अडकलं, अगदी कागदाच्या कडेइतकं, तरी ते पातं बाद. मग पातं हलकेच वाकवून सोडा; वाकलेल्या जागी पांढरट रेघ दिसली तर आतून तडा गेलेला आहे. मिनी 2 ची पाती दुमडती असतात, तेव्हा स्क्रूभोवती ती मोकळी फिरतात ना तेही पाहावं. एक पातं मोकळं आणि दुसरं आवळलेलं असेल तर दोन्ही सारखी उघडत नाहीत आणि तोल तिथेच जातो. बदलताना एका मोटरवरची दोन्ही पाती एकाच पाकिटातली, नव्या स्क्रूंसकट बदलायची. एक जुनं आणि एक नवं लावून पैसे वाचवणं म्हणजे तांदळाच्या दाण्याशी पुन्हा गाठ.

आता हे 150 हिसके चित्रात कसे दिसतात ते पाहा. 4के ची चौकट एका झटक्यात टिपली जात नाही. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, अशा 2,160 ओळी. सगळ्या वाचायला 20 मिलीसेकंद लागतात असं धरलं तर एका ओळीच्या वाट्याला 9 मायक्रोसेकंद येतात. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो 150 कंपनांच्या हिशेबाने कॅमेरा तीनदा डावी-उजवीकडे जाऊन आलेला असतो. वरची ओळ डावीकडे सरकलेली, खालची उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सरळ उभा विजेचा खांब चित्रात तीन लाटांचा होतो. हीच ती जेली.

यात निदानाची एक सोपी वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. एक चौकट स्थिर करा, त्यातला एखादा उभा खांब किंवा इमारतीची कड घ्या आणि तिच्यावर किती लाटा आहेत ते मोजा. वरच्या हिशेबाने एका चौकटीत तीन-चार लाटा म्हणजे सेकंदाला दीड-दोनशे कंप. तिथे दोष पात्यांचा किंवा मोटरीच्या दांड्याचा. अर्धी-पाऊण लाट, म्हणजे अख्खी चौकट एकदाच झुकल्यासारखी, तर कंप 25 ते 40 च्या घरातले. दोष रबरी डॅम्परांच्या किंवा सैल झालेल्या भुजेच्या आसपास. आणि लाट मुळीच नाही, सगळं चित्र एकसंध डुलतंय, सेकंदाला दोन-चार वेळा, तर गिंबलच्या मोटरींकडे, नाहीतर वाऱ्याकडे वळावं. डॉक्टर नाडी बघतो तसं हे.

रबरी डॅम्परांचा हिशेबही मजेचा आहे. गिंबल ड्रोनच्या अंगाला घट्ट जोडलेला नसतो, मऊ रबरी गुट्ट्यांवर टांगलेला असतो. या टांगलेल्या जोडणीचा स्वतःचा नैसर्गिक कंप सेकंदाला 20 असेल तर 150 चे हिसके तिच्यापर्यंत पोचतात ते दोन टक्क्यांहूनही कमी. अठ्ठ्याण्णव टक्के रबरातच विरतात. तेच रबर उन्हाने कडक झालं आणि नैसर्गिक कंप 40 वर गेला, की पोचणारा हिस्सा होतो जवळपास आठ टक्के. रबराचा कडकपणा चौपट, थरथरही चौपट. एखादा गुट्टा आपल्या भोकातून निसटलेला असला तरी असंच काहीतरी होतं, आणि तो बोटाच्या टोकाने किंवा बोथट चिमट्याने जागेवर बसवायला अर्धं मिनिट पुरतं. लोक याच लक्षणावर नवा गिंबल बसवून घेतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

जेलीवर एनडी फिल्टरचा, म्हणजे भिंगापुढे लावून प्रकाश कमी करणाऱ्या काचेचा, उपाय सगळे सांगतात. रणरणत्या उन्हात, एफ 2.8 च्या भिंगाने आणि आयएसओ 100 ला शटर सुमारे 1/3200 सेकंदावर जातं. 150 च्या एका कंपाला लागतो 1/150 सेकंद. म्हणजे एका कंपाच्या काळात अशी एकवीस-बावीस शटरं मावतील. प्रत्येक ओळ कंपाचा एकेक क्षण लख्ख पकडते आणि लाट ठसठशीत उमटते. शटर 1/60 वर आणायचं तर प्रकाश पन्नासेक पटींनी कमी करावा लागतो, म्हणून एनडी 64. आता एका ओळीच्या उघडझापेत अडीच कंप मावतात, लाटेची सरासरी होऊन ती पुसट होते. चित्रातली हालचालही डोळ्यांना सुखावते. पण माझं मत स्पष्ट आहे: फिल्टर जेली झाकतो, बरी करत नाही. ज्या ड्रोनला फिल्टरशिवाय जेली येते, त्याच्या मोटरी, बेअरिंगं आणि स्क्रू तोच मार सेकंदाला दीडशे वेळा खात असतात, चित्रात दिसो वा न दिसो. शिवाय कॅमेरा तोलून बसवलेला असतो म्हणून गिंबलच्या इवल्या मोटरींना तो धरायला जवळपास काहीच जोर लागत नाही. त्याच्यापुढे जड फिल्टर टांगला की उड्डाणभर त्यांना ते वजन धरून राहावं लागतं. मग ‘गिंबल मोटर ओव्हरलोड’ची सूचना आली तर नवल नाही. ही सूचना येण्याचं सगळ्यात साधं कारण मात्र याहूनही साधं आहे: गिंबलवरचं झाकण काढायचं राहिलेलं असतं.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात गिंबलचा दोष नसतो आणि बोल मात्र त्याला लागतो. मिनी 2 चा गिंबल आडवा 35 अंशांपर्यंतच फिरू शकतो, त्यापुढे तो अडतो. ड्रोन मात्र स्पोर्ट मोडमध्ये 40 अंशांपर्यंत कलू शकतो, आणि जोराच्या वाऱ्यात नॉर्मल मोडमध्येही. या दोन आकड्यांमधले पाच अंश म्हणजेच कड्याच्या टोकावर घेतलेल्या शॉटमध्ये अचानक तिरकं होणारं क्षितिज. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दरीतून वर चढणारा वारा ड्रोनच्या बाजूला लागतो, ड्रोन जागा सोडू नये म्हणून वाऱ्यात झुकतो, गिंबल आपल्या टोकाला भिडतो आणि संपलं. या ड्रोनची वारा सोसायची मर्यादा सेकंदाला 8.5 ते 10.5 मीटर, म्हणजे जास्तीत जास्त ताशी 38 किलोमीटर. उपाय एकच: ड्रोनची पाठ वाऱ्याकडे करावी. कारण वर-खाली कॅमेऱ्याला -110 पासून 35 अंशांपर्यंत मोकळीक आहे, आडवी मात्र नाही. डावी-उजवीकडे वळायला तर 20-20 अंशच. रिमोटची कांडी झटकन वळवली की कॅमेरा मागे रेंगाळतो, टोकाला भिडतो आणि चित्राला हिसका बसतो. ‘सिने’ मोड लावला, किंवा वळण्याचा वेग आणि गुळगुळीतपणा सेटिंगमधून बदलला, की हा हिसका जातो.

कोकणातल्या लोकांसाठी एक खास इशारा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, आणि मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं. ड्रोनच्या चार आणि गिंबलच्या तीन अशा सातही मोटरींत चुंबकं आहेत. वाळूवरून थेट उड्डाण केलं की प्रोपेलरच्या वाऱ्याने उडालेले काळे कण नेमके तिथे जाऊन बसतात. मोटरीतली फट केसासारखी बारीक. एक कण अडकला तरी गिंबल त्या एका कोनावर अडखळतो. ड्रोन बंद असताना कॅमेरा अगदी हलक्या हाताने तिन्ही दिशांना फिरवून पाहा. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला तर ठीक, कुठे बारीकसा खटका जाणवला तर तिथे कण आहे. फुंकणी किंवा मऊ ब्रश वापरा. तेल मात्र चुकूनही सोडू नका, ते धूळ धरून ठेवतं. उड्डाणासाठी चटई किंवा लँडिंग पॅड अंथरलं तर हे सगळं टळतं.

आणि खरंच गिंबल गेलेला असतो तो कधी? चालू केल्यावर कॅमेरा जी ओळखीची कसरत करतो, वर-खाली, डावी-उजवीकडे, ती अर्धवट राहिली, किंवा कॅमेरा लुळा पडून मान टाकतो, किंवा गिंबल विशिष्ट कोनात गेला की चित्रच जातं, तर कागदाइतकी पातळ रिबन केबल फाटलेली असण्याची शक्यता मोठी. ड्रोन पडल्यावर गिंबलचा दांडा किंचित वाकलेला असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा अपयशी होतं. हे दोन दोष घरी हाताळू नयेत. रिबन बदलायला भिंगाखाली काम करणारा हात लागतो, आणि तो हात प्रत्येक शहरात कुणाकडे तरी असतो.

तेव्हा नवा गिंबल मागवायच्या आधी एवढं कराच. पात्यांचा नवा जोड स्क्रूंसकट बसवा, स्पिरिट लेव्हलने तपासलेल्या टेबलावर कॅलिब्रेशन करा, रबरी गुट्टे जागेवर आहेत ना पाहा, आणि वारा पडलेल्या सकाळी, फिल्टर न लावता, एखाद्या उभ्या खांबासमोर ड्रोन एका जागी ठेवून दोन मिनिटं चित्रीकरण करा. थरथर राहिलीच तर दुरुस्तीवाल्याकडे जाताना ती क्लिप सोबत न्या आणि खांबावर किती लाटा मोजल्या तेही सांगा. त्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल, आणि बिल बहुतेक वेळा त्याच हिशेबाने कमी होतं.